गुंता गेला म्हणतात, मग पुन्हा सुई कशाला?

प्रश्न : माझं वय 31. सातारा जिल्ह्यात एका पतसंस्थेत काउंटरला काम करते. गेल्या वर्षी ऐन गणपतीत अचानक डोकं भयंकर दुखलं, उलटी झाली आणि आकडी आली. सिटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे रक्तस्राव निघाला. मग जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी केली, त्यात दोन सेंटिमीटरचा एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता सापडला. रक्त शोषलं गेलं की गामा नाईफ, म्हणजे चीर न देता किरणांनी गुंता बंद करण्याचा उपचार करू, असं ठरलं. साडेचार महिन्यांनी मुंबईला दाखल झाले. डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवली, त्याच दिवशी पुन्हा अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, गुंता दिसतच नाही, आपोआप बंद झालाय. फ्रेम काढून, पट्ट्या लावून घरी पाठवलं. वर्षभराने पुन्हा अँजिओग्राफीला बोलावलंय.

सासूबाईंनी पालच्या खंडोबाला नवस केला होता, शिवाय गावातल्या एकांकडून काढा आणि पुड्या आणून मला रोज देत होत्या. घरात सगळे म्हणतात, बरं झालंय, आता परत सुई कशाला? मिस्टर म्हणतात, फार तर एमआरआय करू. मलाही वाटतं, तपासलं तर परत काहीतरी निघेल. फिटच्या गोळ्यांनी चिडचिड होते, त्या बंद केल्या तर चालतील का? आम्हाला मूल हवंय; त्यालाही हा आजार होईल का? आणि एक गोष्ट मनाला खाते. मिस्टरांनी आमची हकीकत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. ती वाचून सांगलीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या 19 वर्षांच्या मुलाला हाच आजार आहे, रक्तस्राव होऊन गेलाय, गामा नाईफची तारीख मिळालीय. त्या म्हणतात, आधी तुमचा काढा देऊन बघते, तारीख पुढे ढकलते. मी काय सांगू? खरं बोलले तर त्यांची आशा मोडेल.

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, सांगलीच्या मुलाला नाही.

त्या बाईंना आजच फोन करा. सांगा की काढा मी घेतला हे खरं, पण गुंता त्याने गेला असं मला कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, आणि मुलाची तारीख त्यांनी माझ्या भरवशावर ढकलू नये. ढकलायचीच असेल तर ज्यांनी तारीख दिली त्या डॉक्टरांना विचारून. एवढं पुरे. वैद्यकीय व्याख्यान देण्याची गरज नाही, आणि तुमची फाईल त्यांना पाठवण्याचीही नाही.

तुम्ही लिहिता की आशा मोडेल. त्या आईची आशा काढ्यात आहे, हे तुम्ही गृहीत धरलंय. खरं तर तिच्या मुलाला मिळालेली तारीख हीच तिच्या हातातली सगळ्यात मोठी आशा आहे. आकारानं लहान गुंत्यावर गामा नाईफ झालं तर साधारण दहापैकी सात-आठ जणांचा गुंता दोन-तीन वर्षांत बंद होतो. हे किरण लागलीच काम करत नाहीत. वाहिनीचं अस्तर हळूहळू जाड होत जातं आणि आतली वाट बुजते, त्याला तेवढा काळ लागतोच. त्या मधल्या काळात रक्तस्रावाची भीती राहते, म्हणजे उपचार जितका लांबवू तितके ते बिनसंरक्षणाचे दिवस वाढत जातात. दोन आठवडे पुढे-मागे झाल्याने आकाश कोसळत नाही, पण अशा केंद्रांवर हुकलेली तारीख दोन आठवड्यांत परत मिळते असंही नाही.

आता उलट बाजूचा हिशोब बघा. एव्हीएम असलेल्या शंभर जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तर आपोआप बंद होणारा त्यात सुमारे एक निघतो, काही नोंदींत एकाहूनही कमी. आणि उपचार न केलेल्या शंभर जणांपैकी साधारण दोन ते चार जणांना रक्तस्राव होतो, तो दर वर्षी. ज्याला एकदा होऊन गेला त्याला पुढचं वर्षभर धोका याहून जास्त. 19 वर्षांच्या मुलापुढे अजून पन्नास-साठ वर्षं आहेत, तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून त्या आईनेच ठरवावं. पण ठरवताना तिच्यापुढे दोन्ही आकडे असायला हवेत. आत्ता तिच्यापुढे फक्त तुम्ही आहात.

इथे एक गोष्ट या सदराच्या सगळ्याच वाचकांसाठी. ज्यांचा गुंता आपोआप गेला ते लोक ग्रुपवर लिहितात, त्यांच्यावर वैद्यकीय मासिकांत लेखही येतात, कारण ते दुर्मीळ असतात. वाट बघता बघता ज्यांना दुसरा रक्तस्राव झाला त्यांच्या घरून कोणी ग्रुपवर हकीकत टाकत नाही. शिवाय नेटवरच्या अशा कहाण्यांत निरनिराळे आजार एकत्र कालवलेले असतात. मेंदूच्या आवरणातली, ज्याला ड्युरल फिस्टुला म्हणतात ती विकृती आणि मेंदूच्या आतला एव्हीएम ही दोन वेगळी दुखणी आहेत. डोळ्यामागच्या, कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरांच्या पोकळीतला कमी जोराचा फिस्टुला आपोआप बंद होणं तितकं विरळ नाही. तिथे काही निवडक रुग्णांना डॉक्टर मानेतली धमनी हाताने ठरावीक वेळ दाबायलाही शिकवतात. तो प्रकार ऐकून एव्हीएमचा रुग्ण घरी मान दाबत बसला तर फायदा शून्य आणि धोका खरा. म्हणून 'आपोआप गेलं' असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं: नेमकं काय होतं? रिपोर्टवर कोणता शब्द आहे?

आता तुमच्याकडे येते.

तुमचा गुंता काढ्याने गेला की नवसाने, असं घरात चाललंय. मी तिसरं नाव सुचवते: तो बहुधा त्या रक्तस्रावानेच गेला. विचित्र वाटेल, पण तसं आहे. नेहमी रक्त धमनीतून निघतं, केसासारख्या बारीक केशवाहिन्यांतून झिरपतं आणि मग शिरेत उतरतं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. पाटाचं पाणी वाफ्यात न शिरता बांध फोडून सरळ ओढ्याला लागावं, तसं धमनीतलं जोराचं रक्त थेट शिरेत धावतं. शिरेची भिंत पातळ, तिला इतका दाब सोसायची सवय नसते. मग कधीतरी ती वाहिनी फुटते. फुटल्यावर जी गाठ साचते ती आजूबाजूच्या वाहिन्यांना चेपते. रक्ताचा वेग मंदावतो, आणि मंदावलेलं रक्त गोठतं. गुंत्यातून रक्त बाहेर नेणारी शीर एकच असेल आणि तीच गोठली, तर आत येणाऱ्या रक्तालाही वाट उरत नाही आणि अख्खा गुंता बसतो.

इंग्लंडमध्ये शेफील्डला गामा नाईफचं जुनं केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांनी 2001 साली आपोआप बंद झालेल्या अशा 27 रुग्णांचा आढावा छापला. बहुतेकांना आधी रक्तस्राव झालेला होता आणि बहुतेकांत रक्त बाहेर नेणारी शीर एकच होती. इतर देशांतून आलेल्या नोंदीही याच वळणाच्या आहेत: गुंता लहान, आत येणाऱ्या धमन्या मोजक्या, बाहेर जाणारी शीर एक, आणि अलीकडे झालेला रक्तस्राव. वेगवेगळ्या देशांतल्या या माणसांचं औषध, आहार, देव सारखे असण्याचं काही कारण नाही. सारखी होती ती गुंत्याची रचना. तुमची पहिली अँजिओग्राफी काढून बघा, रिपोर्टमध्ये शीर एकच लिहिलेली असेल तर मला नवल वाटणार नाही. काढा तुम्ही रक्तस्रावानंतरच घेऊ लागलात, त्यामुळे 'काढा घेतल्यावर बंद झालं' आणि 'रक्तस्राव झाल्यावर बंद झालं' ही दोन्ही वाक्यं खरी ठरतात. कारण सांगता येतं ते मात्र दुसऱ्याचंच.

हे सगळं सासूबाईंना पटवून द्या असं मी म्हणत नाही. नवस त्यांचा आहे, त्यांना फेडू द्या. तळी भरा, भंडारा उधळा, त्यात अँजिओग्राफीला आड येणारं काही नाही. सून दवाखान्यात असताना हातात दुसरं काहीच नव्हतं तेव्हा त्यांनी हे केलं, त्यात माया आहे. पुड्यांचं मात्र वेगळं. त्यावर नाव-लेबल नसेल, आत काय आहे ते कोणी सांगत नसेल, तर त्या बंद करा. काही भस्मांत शिसं, पारा असतो, आणि तुम्ही मूल होऊ द्यायचा विचार करताय. काढ्यात काय काय घालतात ते एका कागदावर लिहून तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. घरातली भांडणं टाळायला याहून सोपा रस्ता मला माहीत नाही: 'डॉक्टरांनी विचारलंय' म्हटलं की कोणाचा अपमान होत नाही.

बरं, गेला म्हणजे खरंच गेला का?

अँजिओग्राफीच्या भाषेत 'दिसत नाही' आणि 'नाही' यांत थोडं अंतर असतं. रक्तस्रावानंतर पहिल्या काही आठवड्यांत केलेल्या अँजिओग्राफीत लहान गुंता गाठीखाली चेपल्यामुळे लपून राहू शकतो आणि गाठ विरली की पुन्हा भरतो. तुमची दुसरी अँजिओग्राफी त्या काळात झाली असती तर मी साशंक राहिले असते. ती साडेचार महिन्यांनी झालीय, तोवर रक्त बहुतेक शोषलं गेलेलं असतं, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन-तीन गोष्टी विचाराच. पहिली अशी की गुंत्याच्या जागी वेळेआधी भरणारी शीर दिसते का? निरोगी मेंदूत डाय, म्हणजे नळीतून सोडलेलं फोटोत दिसणारं द्रव्य, आधी धमन्यांत दिसतो, मग जरा वेळाने शिरांत. एखादी शीर धमन्यांबरोबरच भरली तर कुठेतरी आडवाट अजून चालू आहे असं समजतात, मग गुंता नजरेला दिसो वा न दिसो. दुसरी गोष्ट, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या सगळ्या मुख्य वाहिन्यांत डाय सोडून बघितलं होतं का, आणि फोटो शेवटच्या टप्प्यापर्यंत घेतले होते का? अगदी संथ वाहणारा अवशेष उशिराच्या फोटोतच सापडतो. या प्रश्नांचा डॉक्टरांना राग येत नाही. आला तर तो त्यांचा प्रश्न.

फ्रेम बसवून झाल्यावर उपचार न करता परत पाठवलं याची तुमच्या पत्रात थोडी खंत दिसते. डोक्यावरची चार भोकं फुकट गेली असं वाटणं साहजिक आहे. पण किरण द्यायला नेम धरावा लागतो. गुंताच नसताना किरण दिले असते तर फायदा काहीच नव्हता, आणि आजूबाजूच्या चांगल्या मेंदूला सूज येण्याची, इजा होण्याची जोखीम तेवढी पदरात पडली असती. त्या दिवशी थांबणं हाच योग्य उपचार होता.

मग वर्षभराने पुन्हा कशाला? कारण आपोआप बंद झालेला गुंता पुन्हा उघडल्याच्या नोंदी आहेत. त्या थोड्या आहेत, पण आहेत, आणि काहींत ते पुन्हा उघडणं दुसऱ्या रक्तस्रावानेच कळलं. किती महिन्यांनी, किती वेळा बघायचं याचं सगळ्या जगाने मान्य केलेलं वेळापत्रक नाही. डॉक्टरांगणिक फरक पडतो. वर्षाच्या आसपास एक अँजिओग्राफी, हे तुम्हाला सांगितलेलं वेळापत्रक मला रास्त वाटतं. मिस्टरांचं 'एमआरआयवर भागवू' हे अर्धं बरोबर आहे. एमआरआय जुन्या रक्ताची खूण, व्रण, मोठा गुंता हे उत्तम दाखवतो आणि त्याला सुई-नळीची भानगड नाही. पण दोन सेंटिमीटरच्या गुंत्याचा मिलिमीटरभर उरलेला धागा आणि ती लवकर भरणारी शीर त्यात सहज निसटते. रक्त कुठून कुठे आणि केव्हा जातं, हे क्षणाक्षणाला दिसतं ते डीएसए, म्हणजे नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीतच.

त्या तपासणीची जोखीम शून्य नाही, हेही सांगते. जांघेत काळंनिळं होणं, डायची ॲलर्जी, क्वचित नळीमुळे पक्षाघात. मेंदूला कायमचा दोष राहण्याचं प्रमाण एक टक्क्याहून बरंच खाली आहे, आणि तुमच्या वयात, रक्तदाब-मधुमेह नसताना ते आणखी खाली येतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी मनगटातून नळी घालतात, म्हणजे जांघ दाबून तासन्‌तास सरळ पडून राहावं लागत नाही. तुमच्याकडे ती सोय आहे का ते विचारा. खर्चाची चिंता असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं आणि काय बसत नाही ते तोच नीट सांगेल.

राहिली ती भीती, की तपासलं तर परत काहीतरी निघेल. पुष्कळांना असं वाटतं, अगदी शिकल्यासवरलेल्यांना. ओपीडीत इतकी वर्षं बसून मी पाहिलंय, रिपोर्ट बंद पाकिटात ठेवणारी माणसं भित्री नसतात, थकलेली असतात. पण तपासणीने गुंता तयार होत नाही. तो असेल तर आत्ताही आहे, तुम्ही झोपेत असताना, नोटा मोजत असताना. तपासल्याने फरक पडतो तो एवढाच की असेल तर तो तारीख घेऊन, दिवसाउजेडी बंद करता येतो. आणि नसला, तर तुम्हाला तसं मानून जगायला सुरुवात करता येते. आत्ता तुम्ही दोन्हीकडून अडकलात: बरी झालेय म्हणून आनंद करवत नाही आणि आजारी आहे म्हणून कोणी काळजीही घेऊ देत नाही. घरच्यांना 'पुन्हा सुई' दिसते. तुम्ही त्यांना सांगा की ही सुई आजारासाठी नाही, मुलाच्या विचाराआधीची आहे. हा मुद्दा घरात लवकर पटेल असा माझा अंदाज आहे, आणि तो खराही आहे.

कारण क्रम तसाच हवा. आधी अँजिओग्राफी, मग दिवस राहण्याचा विचार. गरोदरपणात ही तपासणी करायची वेळ आली तर किरणांचा, डायचा विचार येतो. आणि गुंता अर्धवट उघडा असेल तर त्या नऊ महिन्यांत प्रत्येक डोकेदुखीला घर जागं होईल. 31 च्या 32 झाल्याने या बाबतीत फार काही बिघडत नाही. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली तर बाळंतपण कसं करायचं हे बहुतेक वेळा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ इतर बायकांसारखंच ठरवतील. 'डोक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं म्हणून सिझर' असा आपोआप नियम नाही.

बाळाला हा आजार होईल का? जवळजवळ नक्कीच होणार नाही. मेंदूतले बहुतेक एव्हीएम घराण्यातून येत नाहीत. 2018 साली टोरंटो आणि फिनलंडमधल्या कुओपिओच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेले गुंते तपासले, तेव्हा 72 पैकी 45 रुग्णांच्या गुंत्यात केआरएएस नावाच्या जनुकात बिघाड सापडला. त्यातल्या 21 जणांचं रक्तही तपासलं. एकाच्याही रक्तात तो बिघाड नव्हता. म्हणजे तो सगळ्या शरीरात नव्हता, गुंत्यापुरता होता, आणि असा बिघाड पोटच्या मुलाकडे जात नाही. अपवाद एक लक्षात ठेवा. घरात कोणाला वारंवार घोळणा फुटत असेल, ओठांवर-जिभेवर लाल बारीक ठिपके असतील, किंवा दुसऱ्या कोणालाही असाच गुंता निघाला असेल, तर एचएचटी नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर हा प्रश्न सोडून द्या, आणि 'सुनेत खोट' असलं काही कोणी बोललं तर वरचे आकडे मिस्टरांनी ऐकवावेत. तुम्ही नाही.

गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. घरात समज असा झालाय की गुंता गेला म्हणजे फिट गेली. फिट येते ती रक्त साचून गेल्यावर मेंदूत राहिलेल्या व्रणातून, तिथे उरलेल्या लोहाच्या डागातून. तो व्रण गुंत्याबरोबर जात नाही. अचानक गोळ्या थांबवल्या तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. कमी करायच्या झाल्या तर बराच काळ फिट न येता गेल्यावर, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) बघून, हळूहळू, न्यूरॉलॉजिस्टच्या सांगण्याप्रमाणे. पण चिडचिडीचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर लेव्हेटिरासिटाम आहे, आणि चिडचिड, रडू येणं, मन उदास राहणं हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. गोळी बदलताना एकच आग्रह धरा: मूल हवंय हे त्याच वेळी सांगा, कारण व्हॅल्प्रोएट गटातली औषधं गर्भाला घातक ठरू शकतात आणि तुमच्यासाठी ती शक्यतो नकोत. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून सुरू करतात. आणि गरोदरपणात या गोळीची रक्तातली पातळी खाली येते, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला 'राहिलेय' हे आनंदाच्या पेढ्याबरोबरच कळवायचं.

काही वाचक असे असतील ज्यांना रक्तस्राव झालेलाच नाही, दुसऱ्याच कारणाने एमआरआय काढला आणि एव्हीएम निघाला. त्यांचं गणित तुमच्याहून वेगळं आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अरूबा नावाच्या अभ्यासात न फुटलेल्या एव्हीएमचे दोन गट केले होते. सरासरी 33 महिन्यांत, फक्त औषधं आणि देखरेख असलेल्या गटात पक्षाघात किंवा मृत्यू सुमारे 10 टक्क्यांत, आणि गुंत्यावर उपचार केलेल्या गटात सुमारे 31 टक्क्यांत. या अभ्यासावर टीका पुष्कळ झाली: काळ कमी, शस्त्रक्रिया थोड्या, सगळ्या आकारांचे गुंते एकत्र. तीन वर्षांचा निष्कर्ष तिशीतल्या माणसाला आयुष्यभरासाठी लावता येत नाही, हे मलाही पटतं. तरी न फुटलेल्या गुंत्यात थांबणं हा खराखुरा पर्याय असू शकतो. फक्त ते थांबणं डॉक्टरांबरोबर, तपासण्यांसकट असतं, आणि आपोआप बंद होईल या आशेवर ते उभं नसतं. एकदा फुटलेल्याला हा अभ्यास लागू नाही. सांगलीच्या मुलाला नाही.

एक बारीक काम करून ठेवा. दोन्ही अँजिओग्राफींच्या फिल्म पेनड्राइव्हमध्ये घ्या, नुसता रिपोर्ट नको. पुढे कोणीही डॉक्टर बघोत, त्यांना आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघावं लागेल. घरच्यांना हेही सांगून ठेवा की अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर जवळच्या दवाखान्यात सलाईन लावत वेळ घालवायचा नाही. थेट सिटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी, 108 ला फोन करून.

आणि पत्राच्या खाली 'ता. क.' म्हणून तुम्ही लिहिलंत की डाव्या बाजूने आलेलं माणूस एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं, चष्म्याचा नंबर बदलला तरी तसंच. ही ओळ माझ्या मते ता. क. मध्ये जायची नव्हती. मेंदूच्या मागच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला की दोन्ही डोळ्यांनी डावीकडचा काही भाग दिसेनासा होऊ शकतो. तो दोष डोळ्यात नाही, म्हणून चष्म्याने सुटत नाही, आणि गुंता गेला म्हणूनही तो आपोआप परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन पेरिमेट्री करून घ्या, किती भाग गेलाय ते कागदावर येईल. तोवर स्कूटी बंद. फिट येऊन गेल्यामुळेही ती आत्ता चालवायची नाही. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिटबद्दल सरळ प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर खरं द्यावं लागतं. रस्ता ओलांडताना मान मुद्दाम डावीकडे जास्त वळवायची सवय लावा. आणि पतसंस्थेत व्यवस्थापकांना सांगून डाव्या भिंतीलगतचं काउंटर मागून घ्या, म्हणजे खातेदार तुमच्या उजवीकडून येतील.